विजेरी निवडताना : आकडा नव्हे, उजेड पाहावा

आपल्या वसतिगृहात प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या पालकांना जून महिन्यात एक यादी दिली जाते. पत्र्याची पेटी, अंथरूण-पांघरूण, ताट, वाटी, तांब्या, मच्छरदाणी आणि सर्वांत शेवटी ‘विजेरी – १ नग’. बाकीच्या वस्तूंविषयी कोणी फारसे विचारीत नाही. विजेरीपाशी मात्र पालक अडखळतात. “सर, बॅटरी कोणती घ्यावी? दुकानात शंभर रुपयांचीही आहे आणि दोन हजारांचीही,” हा प्रश्न मी कित्येक वर्षे ऐकत आलो आणि “घ्या कोणतीही, उजेड पडल्याशी कारण,” असे उत्तर देत आलो. ते उत्तर चुकीचे होते, हे मला एका रात्री कळले.

जानेवारीतील माजी विद्यार्थी मेळाव्याची ती रात्र होती. जेवणे आटोपली होती, वीज गेली होती आणि भोजनगृहाकडून वसतिगृहाकडे जाणाऱ्या पायवाटेवर सागाच्या वाळल्या पानांचा खच पडला होता. माझ्या हातात नवी, डोळे दिपवणारी विजेरी होती. मी पुढे चालत होतो. मागून येणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने माझा दंड धरला. “सर, थांबा!” आपल्या खिशातील बोटभर लांबीची विजेरी त्याने पेटवली. माझ्या पायापासून दोन हातांवर घोणस वेटोळे घालून बसली होती. माझ्या विजेरीचा उजेड त्याच्याहून कितीतरी प्रखर होता. परंतु त्या निळसर झोतात पाने आणि साप एकाच राखट रंगाचे झाले होते. त्याच्या मंद, किंचित पिवळसर उजेडात मात्र घोणशीच्या पाठीवरची गडद तपकिरी ठिपक्यांची साखळी स्पष्ट उठून दिसली.

हा विद्यार्थी आज रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरीस आहे. रात्री तारांचे रंग ओळखणे हे त्याचे रोजचे काम. मी म्हणालो, “बाबा रे, माझी नजर आता पन्नाशीपलीकडची, फरक विजेरीचा कशावरून?” तो हसून म्हणाला, “सर, आपण पडताळून पाहू.” दुसऱ्या रात्री मैदानाच्या कडेला वाळली पाने पसरून त्यांत तपकिरी सुताची दोरी, विटेचा तुकडा आणि लाल कापडाची चिंधी टाकली आणि नववीच्या मुलांना दोन्ही विजेऱ्यांनी ती शोधायला लावली. माझ्या विजेरीत दोरी अनेकांच्या नजरेतून सुटली; त्याच्या विजेरीत बहुतेकांना ती लवकर सापडली. मी इतिहासाचा शिक्षक. त्यानंतर विज्ञानाच्या सहकाऱ्यांना विचारून, वाचून आणि हाताळून जे समजले, ते या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यापुढे मांडीत आहे.

पांढरा उजेड येतो कोठून?

आमच्या लहानपणीच्या पितळी टॉर्चमध्ये तारेचा दिवा असे. वीज वाहिली की तार तापून लाल-पिवळी होई. दोन मोठ्या सेलच्या त्या टॉर्चचा उजेड फार तर दहा-पंधरा ल्युमेन असे, कारण बहुतेक वीज उष्णतेतच जाई. पण तापलेल्या तारेच्या प्रकाशात सर्व रंगांचे किरण अखंड असतात. त्यामुळे तो उजेड मंद असला, तरी त्यात लाल ते लाल आणि तपकिरी ते तपकिरीच दिसे.

एलईडीची गोष्ट निराळी आहे. अर्धवाहक स्फटिकातून वीज नेली असता प्रकाश पडतो, ही नोंद हेन्री राउंड यांनी १९०७ मध्ये केली होती. १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी अमेरिकेत डोळ्यांना दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी तयार केला. पुढे हिरवाही आला. परंतु तेजस्वी निळा काही केल्या साधेना, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड मिळेना. जपानमध्ये नागोया विद्यापीठातील इसामु अकासाकी व हिरोशी अमानो यांनी, तसेच निचिया या कंपनीतील शुजी नाकामुरा यांनी गॅलियम नायट्राइड या पदार्थावर चिकाटीने काम करून ही अडचण दूर केली. १९९३ मध्ये निचियाने तेजस्वी निळा एलईडी जाहीर केला आणि १९९६ मध्ये त्यावर पिवळा फॉस्फर चढवून पांढरा एलईडी बाजारात आणला. या तिघा संशोधकांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या इतिहासातच आपल्या प्रश्नाचे उत्तर दडले आहे. विजेरीतील एलईडी मुळात निळाच असतो. विझलेल्या विजेरीत डोकावल्यास जो पिवळा चौकोनी ठिपका दिसतो, तो फॉस्फरचा थर होय. चिपचा निळा प्रकाश या थरावर पडतो. त्यातील काही भागाचे पिवळ्यात रूपांतर होते, काही निळाच बाहेर येतो आणि दोहोंची मिसळण डोळ्यांना पांढरी भासते. थर पातळ व स्वस्त असेल तर निळा जास्त आणि लाल फारच थोडा. लाल किरण उजेडात नसतील, तर लाल व तपकिरी वस्तूंनी परावर्तित करायचे काय? म्हणून त्या करड्या दिसतात. थरात लाल प्रकाश देणारे फॉस्फर मिसळले, तर रंग खरे दिसतात. मात्र आपला डोळा गडद लाल प्रकाशाला कमी संवेदनशील असल्यामुळे तेवढ्याच विजेत मोजलेले ल्युमेन काहीसे घटतात. जी विजेरी आकड्यात मोठी ती रंगात उणी, असे अनेकदा घडते त्याचे कारण हेच.

डब्यावरचे दोन आकडे

उजेडाच्या रंगाविषयी चांगल्या विजेरीच्या डब्यावर दोन आकडे असतात. पहिला केल्विनचा. ६५०० केल्विन म्हणजे निळसर पांढरा, ५००० म्हणजे दुपारच्या उन्हाजवळचा, ४००० म्हणजे किंचित पिवळसर आणि ३००० च्या खाली म्हणजे जुन्या बल्बसारखा पिवळा. दुसरा आकडा ‘सीआरआय’ या अक्षरांपुढे असतो. वस्तूंचे रंग कितपत खरे दिसतील याचे हे माप. त्याची कमाल मर्यादा १००. साध्या विजेरीत तो ७० च्या आसपास असतो, चांगल्यात ९० व त्याहून अधिक. हे माप आठ फिकट रंगांच्या सरासरीवरून काढतात; गडद लाल रंगाची परीक्षा स्वतंत्र असते आणि तिला ‘आर-नऊ’ म्हणतात. तपकिरी माती, विटा, रक्त, अंगावरचे पुरळ, लाल तार हे सर्व ओळखायचे असेल, तर आर-नऊचा आकडाही चांगला असावा लागतो.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. उजेड पिवळसर असला म्हणजे रंग खरे दिसतीलच, असे नाही. केल्विन उजेडाची छटा सांगतो, सीआरआय त्याचा प्रामाणिकपणा सांगतो. दोन्ही वेगवेगळे पाहावेत.

लांबचा झोत की पसरट उजेड?

ल्युमेन म्हणजे विजेरीतून बाहेर पडणारा एकूण प्रकाश. तो कोठे पडतो, हे ल्युमेन सांगत नाही. एका दिशेला किती तीव्र प्रकाश जातो, याचे माप कॅन्डेला. विजेऱ्यांच्या प्रचलित मानकानुसार, ज्या अंतरावर उजेड पाव लक्सवर, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उतरतो, ते तिच्या झोताचे अंतर मानतात. हिशेब सोपा आहे: कॅन्डेलाचे वर्गमूळ काढून दुप्पट करावे. २५०० कॅन्डेलाच्या विजेरीचा झोत १०० मीटर, १०,००० चा २०० मीटर आणि ४०,००० चा ४०० मीटर. अंतर दुप्पट करण्यासाठी तीव्रता चौपट लागते, हे ध्यानी घ्यावे. शिवाय १०० मीटर म्हणजे तेथे चांदण्याएवढा उजेड. तेथील सापाची जात ओळखता येईल असा नव्हे.

झोत किती लांब जाईल, हे एलईडीच्या प्रकाश देणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारावर आणि पुढच्या परावर्तक वाटीवर अवलंबून असते. बारीक ठिपक्यातून निघालेला तीव्र प्रकाश वाटीने नीट गोळा होतो व लांब जातो. मोठ्या पृष्ठभागाचा प्रकाश त्याच वाटीतून पसरट पडतो. खिशातील विजेरीची वाटी जेमतेम दोन सेंटिमीटरची. तेव्हा निवड मुख्यतः एलईडीचीच करावी लागते. बाजारातील प्रकार पुढीलप्रमाणे सांगता येतील.

पहिला प्रकार पाच मिलिमीटरच्या गोल काचमण्यासारख्या एलईडीचा. स्वस्त विजेरीत असे सात-नऊ मणी वर्तुळात बसवलेले असतात. एकेकाला विजेचा प्रवाह अगदी थोडा झेपतो. जवळ पाहण्यापुरता उजेड मिळतो, परंतु तो बहुधा निळसर असतो आणि प्रवाहावर नियंत्रण नसल्यास मणी लवकर मंदावतात.

दुसरा प्रकार छोट्या चिपच्या शक्तिशाली एलईडीचा. ऑस्रामचे एक चौरस मिलिमीटर पृष्ठभागाचे एलईडी हे याचे टोकाचे उदाहरण. एकूण प्रकाश बेताचा, पण झोत भाल्यासारखा लांब. माळरानावर दूरचे पाहायला हा उत्तम. खोलीत किंवा पायवाटेवर गैरसोयीचा, कारण मध्ये लख्ख ठिपका आणि भोवती काळोख.

तिसरा प्रकार खऱ्या रंगाच्या एलईडीचा. निचियाचे २१९-बी व ५१९-ए, ल्युमिनसच्या एसएसटी-२० चा ४००० केल्विनचा उच्च सीआरआय प्रकार आणि सॅमसंगच्या एलएच३५१-डीचा ९० सीआरआयचा प्रकार ही यांतील परिचित नावे. यांतही फरक आहेत: एसएसटी-२० ची चिप लहान, म्हणून झोत काहीसा लांब; एलएच३५१-डीची मोठी, म्हणून उजेड पसरट. आमच्या त्या माजी विद्यार्थ्याच्या खिशातील विजेरीत निचियाचाच एलईडी होता. एकच नाव अनेक छटांत व अनेक सीआरआयमध्ये मिळते. त्यामुळे केवळ नावावर न जाता दोन्ही आकडे विचारावेत.

चौथा प्रकार मोठ्या किंवा अनेक चिपच्या एलईडीचा. क्रीचा एक्सएम-एल साधारण दोन मिलिमीटर लांब-रुंद चिपचा. एक्सएचपी-५० मध्ये तर चार चिप शेजारी शेजारी असतात. हजारो ल्युमेनचे आकडे येतात ते अशांतून. भिंतभर उजेड पडतो, पण छोट्या विजेरीत तो टिकत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

याखेरीज पिवळ्या पट्टीसारखा दिसणारा सीओबी नावाचा प्रकार आहे. एका पट्टीवर अनेक चिप आणि वर फॉस्फरचा सलग थर. झोत मुळीच नाही. सर्वत्र सारखा पसरट उजेड. टेबलावर ठेवून वाचायला किंवा दुरुस्तीला तो चालतो, चालताना वाट पाहायला नाही.

एका छोट्या सेलमध्ये किती मावते?

आता जाहिरातीतील हजारो ल्युमेनचा हिशेब करू. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असा जो लिथियम सेल ‘१८६५०’ म्हणून ओळखला जातो, त्यात चांगल्या प्रतीचा असल्यास सुमारे ३००० मिलिअँपिअर-तास वीज मावते. ३.६ व्होल्टने गुणल्यास ती जवळपास ११ वॉट-तास होते. एका वॉटमागे १०० ल्युमेन धरले, तर १००० ल्युमेनचा उजेड जेमतेम एक तास, १०० ल्युमेनचा दहा-अकरा तास आणि १० ल्युमेनचा शंभर तास मिळेल. पायवाटेला शंभर ल्युमेन पुष्कळ होतात आणि झोपलेल्या मुलांच्या खोलीत फेरी मारायला दहाही जास्त. या आकाराच्या सेलवर ९९०० असा आकडा छापलेला आढळला, तर तो खोटा समजावा. तेवढी वीज त्या आकारात मावत नाही.

दुसरी अडचण उष्णतेची. एलईडी तारेसारखा लालबुंद होत नाही, पण त्याला पुरविलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेतच जातो. चिप तापली की प्रकाश घटतो व आयुष्यही. बोटभर विजेरीचे धातूचे अंग ही उष्णता बाहेर टाकायला अपुरे पडते. म्हणून चांगली विजेरी दोन-तीन मिनिटांत आपणहून उजेड कमी करते आणि वाईट विजेरी स्वतःलाच भाजून घेते. मानकानुसार विजेरी किती वेळ चालते हे मोजताना सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंतचा वेळ धरतात. डब्यावरचे ‘१००० ल्युमेन’ आणि ‘५ तास’ हे दोन्ही आकडे खरे असूनही एकाच वेळी खरे नसतात, ते यामुळे.

आणि सेलची जात. मागे एका पालकांनी मजुरीच्या पैशांतून मुलीला थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचून चार्ज होणारी मोठी विजेरी घेऊन दिली. दिवाळीच्या सुट्टीत ती रिकामीच पेटीत पडून राहिली आणि नंतर पेटलीच नाही. आत शिसे-आम्लाची बॅटरी होती. अशी बॅटरी रिकामी ठेवली की मरते, हे विकणाऱ्याने सांगितले नव्हते. मुलगी रडली ती विजेरीसाठी नव्हे. आईचे दोन दिवसांचे काम वाया गेले म्हणून. लिथियमच्या विजेऱ्याही सुट्टीत अर्ध्याअधिक चार्ज करून ठेवाव्यात. साध्या पेन्सिल सेलची विजेरी घेतल्यास तालुक्याच्या दुकानात सेल मिळतो, ही सोय मोठी आहे. मात्र पेन्सिल सेलएवढ्याच आकाराचा १४५०० नावाचा लिथियम सेलही मिळतो. त्याचा दाब दुपटीहून जास्त. विजेरीवर तशी स्पष्ट परवानगी नसेल, तर तो मुळीच घालू नये.

कोणी कोणती घ्यावी?

वसतिगृहातील मुलांसाठी एका पेन्सिल सेलची किंवा छोट्या लिथियम सेलची, ४००० ते ५००० केल्विनची, ९० सीआरआयची, पसरट उजेडाची आणि दोन-तीन पायऱ्यांची विजेरी पुरेशी आहे. शंभर-दीडशे ल्युमेन पुष्कळ. सर्वांत खालची पायरी अगदी मंद असावी. काळोखाला सरावलेली नजर प्रखर उजेडाने एकदा मोडली, की पूर्ववत व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात.

शेतीपंपाला रात्रपाळीत वीज येते म्हणून बांधावर जाणाऱ्या पालकांना दोन गोष्टी लागतात: पायाखालचा खरा रंग आणि दूरची चाहूल. त्यांनी १८६५० सेलची, ५००० केल्विनच्या आसपासची, मध्यम झोताची विजेरी घ्यावी. पैसे एकाच गुणाला पुरत असतील तर लांब झोत सोडावा, रंग सोडू नये. साप पायाशी असतो, दोनशे मीटरवर नसतो. घोणस आणि फुरसे तपकिरी असतात व पाचोळ्यात किंवा मातीत मिसळून जातात. रात्री फिरणारा मण्यार काळा, त्याला स्वच्छ पसरट उजेड हवा. विजेरी कितीही चांगली असली तरी पायांत बूट व हातात काठी असावीच, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे नव्हे, विनाविलंब रुग्णालयात जावे.

वीजकाम, रुग्णसेवा किंवा रेल्वेत असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ल्युमेनकडे दुर्लक्ष करून सीआरआय व आर-नऊ पाहावा. राखणदारीचे काम करणाऱ्यांनी लहान चिपची, लांब झोताची घ्यावी. अंगणात वा ओट्यावर दिवा म्हणून वापरायची असेल तर पिवळसर छटा बरी. निळसर उजेडावर किडे अधिक येतात.

दुकानात डब्यावर आकडे नसतील तर तीन परीक्षा घ्याव्यात. विजेरी आपल्याच तळहातावर धरावी: हात जिवंत, लालसर दिसला तर रंग खरे, मेलेल्यासारखा करडा दिसला तर उणे. नंतर भिंतीवर झोत टाकून कडेला निळे-जांभळे वर्तुळ पडते का, हे पाहावे. शेवटी पेटती विजेरी भरभर हलवावी. उजेडाची सलग रेघ न दिसता तुटक ठिपके दिसले, तर ती लुकलुकते आहे आणि तिच्याने डोळे थकतात. मात्र झोत कोणाच्याही डोळ्यांत मारू नये.

त्या रात्रीनंतर आमच्या यादीतील शेवटची ओळ बदलली आहे. आता तेथे असे लिहिलेले असते: ‘विजेरी – १ नग, उजेड किंचित पिवळसर, तळहात लाल दिसेल असा, मंद पायरी असलेली, फार महाग नको.’ पालक आता दुकानात उभे राहून स्वतःच्या तळहातावर उजेड पाडून पाहतात. दुकानदार हसतात, असे एका आजींनी मला सांगितले. पण त्या आजींनी तिसरी विजेरी पसंत केली, पहिल्या दोन परत ठेवल्या, आणि त्यांचा नातू आज सातवीत त्याच विजेरीच्या उजेडात विहारातून वसतिगृहाकडे सुखरूप येतो.